प्रत्येक जड वस्तूला तिचा स्वतःचा पाट

पुण्याच्या नऱ्ह्यातला माझा गाळा वीस बाय तीस फुटांचा आहे. ८ बाय ४ ची प्लायची शीट कटर मशीनवर लांबीत फाडायची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळे लागतात, शिवाय ढकलणाऱ्याला उभं राहायला दोन-तीन फूट. गाळ्याची लांबी तिथेच बरीचशी संपते. उरलेल्या जागेत १८ इंची बँडसॉ (पट्ट्यासारखं पातं फिरणारी उभी करवत), १२ इंची रंधा मशीन, ड्रिल, कॉम्प्रेसर, प्लायची थप्पी आणि तयार होत असलेलं एखादं कपाट. कुठलंही काम काढलं की आधी दुसरं काहीतरी बाजूला सरकवावं लागायचं, आणि सरकवायला शेजारच्या गाळ्यांतून माणसं बोलवावी लागायची. यावर उपाय सापडला तो खाली चाकं लावलेल्या लाकडी पाटांचा.

मी फर्निचर बनवते. माझ्याकडे एक मिस्त्री आहेत आणि हाताखाली एक पोरगा. मिस्त्री साठीच्या पुढचे, त्यांना मी मामा म्हणते. हात अजून असा की सागवानाच्या फळीला रंधा लावला की बघत राहावं, पण कंबर गेलेली. सकाळी वाकून बूट घालताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघायचा तो मला ऐकवत नव्हता. वजनाचं काय करायचं हा विचार मी त्यांच्या कमरेपासून सुरू केला, जागेपासून नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्येच प्रौढ पुरुषानं हातानं वाहायच्या ओझ्याला ५५ किलोंची कमाल मर्यादा सुचवली. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याचं ३४ वं कलमही इजा होईल इतकं ओझं कुणाला उचलायला लावू नका असंच २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता येईपर्यंत सांगत होतं. आमच्यासारख्या तीन माणसांच्या गाळ्यात तपासायला कुणी येत नाही, म्हणून ते पाळायची जबाबदारी माझीच.

लोखंडी बुडाचं मशीन कोब्यावरून घासत न्यायचं तर त्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा जोर लागतो. अडीचशे किलोंच्या मशीनला शंभर-सव्वाशे किलोंचा. तेच मशीन कडक चाकांवर असेल आणि फरशी सपाट असेल, तर सात-आठ किलोंचा जोर पुरतो. तेवढा जोर मामांच्याही कमरेला झेपतो आणि माझ्याही.

सुरुवात झाली गॅस सिलिंडरखाली ठेवतात त्या चाकाच्या चकतीपासून. घरात एक जास्तीची पडली होती, ती गाळ्यात आणून अर्ध्यावर आलेल्या फेविकॉलच्या ड्रमखाली सारली. त्या दिवसापासून पोरगा तो ड्रम पायानं ढकलत हव्या त्या टेबलापाशी न्यायला लागला. मग ऑनलाइन मिळतो तो संच मागवला: चार छोटे चाकांचे पाट आणि एक उचलायची दांडी. त्यातली दांडी फार उपयोगाची, कपाटाचा एक कोपरा अलगद दोन इंच वर घेते. चाकं मात्र बोटभर जाडीची, कडक प्लास्टिकची. घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर ती पळतात. आमच्या कोब्यावर भुशाचा एखादा ढलपा आडवा आला की जागीच थांबतात.

यामागे साधा हिशेब आहे. दोन इंची चाकापुढे पाच मिलिमीटरचा उंचवटा आला, तर ते वर चढवायला त्या चाकावरच्या वजनाच्या पाऊण पट जोर लागतो. चार इंची चाकाला त्याच उंचवट्यावर निम्मा पुरतो. एका चाकावर पन्नास किलो असतील तर हा सदतीस आणि चोवीस किलोंमधला फरक, आणि तोही एकाच चाकाचा. दुकानात वजनाची क्षमता सगळे विचारतात, चाकाचा व्यास फारसं कुणी विचारत नाही. माझं मत विचाराल तर आधी व्यास बघावा.

हातानं ओढायचा पॅलेट ट्रक घ्यावा असंही एकानं सुचवलं होतं. मोठ्या शेडमध्ये त्याला तोड नाही, दोन-अडीच टन सहज नेतो. पण त्याचे काटे खाली केले तरी जमिनीपासून साधारण ८५ मिलिमीटर वर असतात, म्हणजे मशीनखाली तेवढी पोकळी आधीपासून हवी. तो वळवायला मोकळी वाट हवी. काम नसताना तो स्वतःच पाच फूट जागा अडवतो. आणि तो एकच असणार. एक वस्तू नेली, उतरवली, मग दुसरी चढवली. प्रत्येक वेळी चढवणं आणि उतरवणं आलंच.

याच विचारातून पुढचं सगळं ठरलं. वजन हलवण्यात लोटणं हा सोपा भाग. कंबर जाते ती उचलताना, आणि बोटं चेपतात ती खाली ठेवताना. जड वस्तू एकदाच उचलायची आणि कायमची चाकांवर ठेवायची, तर हे दोन्ही धोके एकदाच पत्करावे लागतात. पण त्यासाठी प्रत्येक वस्तूला स्वतःचा पाट हवा, आणि तेवढे पाट करायचे तर ते स्वस्तच हवेत. दहा-पंधरा हजारांची एक उत्तम ट्रॉली मला नको होती. पाच-सहाशे रुपयांत होणारे पुष्कळ साधे पाट हवे होते.

चाकं घ्यायला बोहरी आळीत गेले. रविवार पेठेत हार्डवेअरची दुकानं एकाला एक लागून आहेत आणि कॅस्टरचे, म्हणजे वस्तूखाली बसवायच्या चाकांचे, ढीग फुटपाथपर्यंत आलेले असतात. दुकानदारानं पहिलाच प्रश्न बरोबर विचारला.

"ताई, माल काय आहे आणि फरशी कसली?"

"रंधा मशीन, अडीचशे-तीनशे किलो. कोबा आहे, थोडा तडकलेला."

"मग भागिले चार करू नका. तीनानं भागा."

हे त्यानं अनुभवावरून सांगितलं आणि ते शंभर टक्के खरं आहे. फरशी जराशी उंचसखल असली की चारपैकी एक चाक अधांतरी राहतं आणि सगळं वजन उरलेल्या तिघांवर येतं. तीनशे किलोंच्या मशीनला पंचाहत्तर किलोंची चार चाकं कागदावर पुरतात, प्रत्यक्षात शंभर किलोंच्या पुढची हवीत. मी रंध्यासाठी चार इंची पीयूची (पॉलियुरेथेनची), एकेकाला दीडशे किलो झेपणारी चाकं घेतली आणि बाकी हलक्या पाटांना तीन इंची.

चाकाच्या मालाबद्दल माझा अनुभव असा. नायलॉन कडक असतं, वजन भरपूर घेतं, ढकलायला सगळ्यांत हलकं, पण आवाज खूप आणि शहाबादी फरशीच्या कडा फोडतं. रबर शांत, पण वजनाखाली दबतं, त्यामुळे ढकलायला जड जातं आणि काळे ओरखडे उमटवतं. साधी पीपीची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची, चाकं सगळ्यांत स्वस्त, प्लायच्या तुकड्यांच्या पेटीखाली उत्तम, मशीनखाली नको. पीयू मधलं आहे आणि लाकूडकामाच्या गाळ्याला तेच जमतं. लोखंडाच्या कामात मात्र पीयूमध्ये लोखंडाचा धारदार कीस रुतून बसतो, तिथे वेगळा विचार करावा लागेल.

पाट आम्हीच बनवले. १८ मिमी प्लायचे उरलेले तुकडे, दोन थर चिकटवून स्क्रू मारलेले, म्हणजे ३६ मिमीचा पाट झाला. मामांनी कडा रंधून गोल केल्या, नाहीतर नडगीला लागतात. चाकांना लाकडाचे स्क्रू मी कुठेच मारू दिले नाहीत. चाक अडलं की स्क्रू उपटून येतात. आरपार ८ मिमीचे बोल्ट, वरून मोठा वॉशर आणि खाली नायलॉक नट, म्हणजे आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सैल न होणारा. पाटाच्या पाठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे वस्तू घसरत नाही. कोपऱ्याचं दुकान अशा ट्यूबा मागाल तेवढ्या देतं.

चारही चाकं फिरती ठेवायची की दोन फिक्स, यावर आमच्यात बराच वाद झाला. मामांचं म्हणणं दोन फिक्स, म्हणजे गाडी सरळ जाते. लांब अंतरावर ते बरोबरच आहे. पण आमच्याकडे अंतर पाच-दहा फुटांचं आणि काम भिंतीला आडवं नेऊन चिकटवायचं. तिथे फिक्स चाक आडवं सरकत नाही. म्हणून मशीनच्या पाटांना चारही फिरती, आणि प्लायच्या शीटा न्यायच्या गाड्याला दोन फिक्स. फिरत्या चाकांची एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागते. चाक ज्या उभ्या खिळीवर गोल फिरतं तिच्या बरोबर खाली नसतं, तीन-चार सेंटिमीटर बाजूला असतं. दिशा बदलली की ते गर्रकन फिरून आत येतं, आणि पाट दिसायला तेवढाच रुंद असला तरी जमिनीवरचा पाया आतून आखडतो. उंच वस्तूच्या बाबतीत हे धोक्याचं.

रंधा मशीन चढवायला सगळ्यांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. आधी वीज तोडली, वायर काढली. टेबलं, गाइड, मोटरचं झाकण, जे सुटतं ते सगळं सोडवलं. मग मामांनी पाच फुटी पहार घेतली आणि बाभळीचा ठोकळा टेकू म्हणून टोकापासून तीन इंचांवर ठेवला. सत्तावन्न इंचांची दांडी तीन इंचांवर, म्हणजे एकोणीस पट जोर. एका बाजूला आलेले दीडशे किलो उचलायला हाताला आठ किलोही लागत नाहीत.

"पोरा, हात आत घालायचा नाही. पट्टीनं ढकल."

हे वाक्य मामांनी त्या दिवशी किती वेळा म्हटलं असेल. एका बाजूनं बोटभर उचलायचं, पोरानं लांब पट्टीनं रीप (लाकडाची चपटी पट्टी) आत सारायची, मशीन रिपेवर टेकवायचं, मग दुसरी बाजू. पुन्हा पहिली. चार इंची चाक, त्याची बैठक आणि वरचा पाट मिळून उंची जवळजवळ साडेसहा इंच होते, आणि तिथवर रीप-रीप करत जायचं. रिपा एकावर एक सरळ न रचता एक उभी एक आडवी अशा रचल्या, म्हणजे थप्पी कलत नाही. पुरेशी उंची झाल्यावर पाट आत सारला, त्याच्या चारही बाजूंना पाचरी मारून तो जखडला, आणि मग उलट क्रमानं रिपा काढत मशीन त्याच्यावर बसवलं. जॅकनंही हे होतं. मोटारीचा कात्री जॅक आम्ही ड्रिलच्या वेळी वापरला. पण गुळगुळीत ओतीव लोखंडाच्या कडेवर जॅकचं डोकं घसरतं, मध्ये लाकडाचा गुटका लागतोच.

बँडसॉला हा उपाय लागू पडला नसता. सहा फूट उंच, वर ओतीव लोखंडाचं जड चाक, बूड लहान. अशी वस्तू साडेसहा इंच वर नेऊन ठेवणं म्हणजे तिला पडायला मदत करणं. तिच्यासाठी फॅब्रिकेटरकडून ४० बाय ४० बाय ५ च्या अँगलची चौकट करून घेतली. मशीन चौकटीच्या आत, जमिनीपासून जेमतेम पंधरा मिलिमीटरवर बसतं आणि चाकं चौकटीच्या बाहेर काढलेल्या कानांवर. पाया दोन्ही बाजूंनी वीतभर रुंद झाला. चाकं आत फिरली तरी मूळ बुडापेक्षा पाया मोठाच राहतो. हलवताना हात नेहमी खाली, कमरेच्या उंचीवर किंवा त्याही खाली लावायचा. वरून ढकललं आणि खाली चाक अडलं तर वरचा भाग पुढे निघतो. आमच्या गाळ्यात बँडसॉ एकट्यानं हलवायची नाही हा नियम आहे, आणि तो मलाही लागू आहे.

आता ब्रेकविषयी. पायानं दाबायच्या साध्या ब्रेकनं फक्त चाक थांबतं, वरची खीळ फिरत राहते. त्यामुळे मशीन चालू केलं की ते जागच्या जागी डोलतं. चाक आणि खीळ दोन्ही अडकवणारा ब्रेक मिळतो, थोडा महाग पडतो, पण यंत्रासाठी तोच घ्यावा. रंध्याला तेवढंही पुरत नाही. लाकूड त्यात जोरानं जातं, आणि टेबल केसभर हललं तरी फळीवर लाटा उमटतात. म्हणून पाटाच्या चार कोपऱ्यांत १२ मिमीचे उभे बोल्ट बसवले. मशीन जागेवर आलं की पान्यानं बोल्ट खाली उतरवायचे, वजन चाकांवरून उतरून बोल्टांवर येतं, लेव्हल ट्यूब ठेवून एकसारखं करायचं आणि मगच बटण दाबायचं. पान्याची ही पाच मिनिटं वाचवायचा मोह पोराला होतो. त्याला मी बजावून सांगितलंय की चाकांवर उभ्या असलेल्या रंध्यात लाकूड घातलेलं मला दिसता कामा नये.

फरशीचं काम आम्ही वेळेत केलं हे फार बरं झालं. कोब्यातल्या भेगा सिमेंटनं भरून घासल्या. शटरची पट्टी जिथे बसते तिथे कोब्यात खाच आहे. तिच्यावर टाकायला तीन मिलिमीटरची लोखंडी पट्टी आणि दोन्ही बाजूंना उतरत्या कडेच्या प्लायच्या फळ्या करून ठेवल्या. टेम्पो आला की त्या टाकायच्या, गेला की उचलून भिंतीला लावायच्या.

सगळ्यांत जास्त सुख दिलं ते प्लायच्या गाड्यानं. १८ मिमीची एक शीट तीस-पस्तीस किलोंची. दहा शीटची थप्पी म्हणजे तीनशे किलोंच्या वर, आणि हवी असलेली शीट नेहमी तळाशी. आता शीटा उभ्या, किंचित मागे कललेल्या, इंग्रजी ए अक्षरासारख्या सांगाड्यावर दोन्ही बाजूंनी टेकून असतात. दोन्ही बाजूंचं वजन साधारण सारखं ठेवावं लागतं, आणि हलवण्याआधी पट्टा आवळणं सक्तीचं. उभ्या शीटा सुटल्या तर त्या एकदम सगळ्या येतात, त्यांना हातानं थोपवायचा प्रयत्नही करू नये. टेम्पोतून माल उतरला की तो थेट गाड्यावर चढतो आणि कटर मशीनपाशी पोचेपर्यंत कुणालाही शीट डोक्यावर घ्यावी लागत नाही.

या सगळ्यातून गाळा कसा बदलला ते सांगते. पूर्वी मशीनच्या जागा ठरलेल्या होत्या आणि काम त्या जागांप्रमाणे वाकवावं लागायचं. मोठी वॉर्डरोब आली की मी दोन भागांत करू या म्हणायचे, कारण एकसंध सांगाडा उभा करायला जागाच नव्हती. आता सकाळी काम बघून मांडणी करतो. शीट फाडायच्या दिवशी रंधा आणि बँडसॉ भिंतीला जातात, मधली सगळी लांबी कटर मशीनला मिळते. दुपारी जोडणी असेल तर कटर मशीन सोडून सगळं मागे. जोडलेला सांगाडाही दोन पाटांवरच उभा करतो, त्यामुळे पॉलिश करताना तो उजेडाकडे फिरवता येतो. मामा खिडकीजवळ स्टुलावर बसून चारही बाजू करतात. पूर्वी तेच सांगाड्याभोवती वाकत फिरायचे. भुसाही आता मशीनखालून झाडता येतो. त्याआधी रंध्यामागे किती वर्षांचा भुसा दाबून बसला होता ते बघून मी हादरले. मोटरची ठिणगी तिथे पडली असती तर काय झालं असतं, हा विचारही करवत नाही.

देखभाल थोडी आहे. चाकांच्या खिळीत भुसा, दोरे आणि डिंकाचे कण जमतात. तिथे ग्रीस भरू नये, भुसा त्यालाच चिकटून राहतो आणि लुकण होतं. आम्ही ब्रशनं साफ करून शिलाई मशीनचं तेल दोन थेंब टाकतो आणि जास्तीचं पुसून घेतो. नट हातानं तपासतो. मशीन महिनाभर एका जागी असणार असेल तर बोल्टांवर उचलूनच ठेवतो, कारण पीयूची चाकं फार दिवस वजनाखाली राहिली की एका बाजूनं सपाट होतात आणि मग ढकलताना टकटक करत जातात. स्वस्त चाकांची वरची रिव्हेटही काही काळानं सैल पडते. ते चाक दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, बदलून टाकावं.

मागच्या महिन्यात शेजारच्या गाळ्यात सहा फुटी लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं मशीन, आली. तिथले मालक आमचे पाट रोज बघतात, ते थेट आत आले.

"ताई, तुमचे चार पाट द्या की. लेथ आत घेतो."

लेथ जवळजवळ टनाची, आणि हेडस्टॉकच्या, म्हणजे काम फिरवणाऱ्या डोक्याच्या, बाजूला भयंकर जड. चार सुट्या पाटांवर तिचं वजन सारखं येणारच नाही, आणि प्रत्येक पाटाची चाकं आपापल्या दिशेला वळणार. एक जरी निसटला तरी सहा इंचांवरून टनभर लोखंड खाली येईल. मी स्पष्ट नाही म्हटलं आणि मामांना बोलावलं. मामांनी भिंतीला लावलेले दीड इंची जाड पाइप काढले. पहारीनं लेथ जेमतेम तीन-चार इंच उचलली, खाली जाड फळ्या, फळ्यांखाली पाइप. मागून सुटलेला पाइप उचलून पुढे घालायचा. वळवायचं असेल तर पुढच्या पाइपला एका टोकाला हातोडीचा ठोका देऊन तो तिरका करायचा. लेथ चुकून उतरली असती तरी तीन-चार इंचच उतरली असती. मामा स्वतः वाकले नाहीत, पुढे उभे राहून नुसतं "थांब", "डावीकडं ठोक" सांगत होते, आणि तासाभरात लेथ आपल्या पायांवर बसली.

तिचे चक, टेलस्टॉक आणि गिअरची पेटी असे सुटे जड भाग न्यायला मात्र मी पाट दिले. ते त्यांना इतके सोयीचे पडले की अजून तिकडेच आहेत. पुढच्या वेळी बोहरी आळीत गेले की तीन इंची आठ चाकं जास्तीची आणणार आहे, चार त्यांच्यासाठी आणि चार आमच्या नव्या सँडरसाठी (लाकूड घासायच्या मशीनसाठी).